बंदिश बांधणाऱ्यांची पदवी

संगीतात एम. ए. करून काय मिळणार, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. गाणं गुरूसमोर बसूनच येतं, हे खरं. पण रचनेला शास्त्राचा आधार लागतो. मारवा आणि पूरिया या रागांचे स्वर तेच. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत बोलतात, पूरियात गंधार-निषाद. नवी बंदिश बांधताना सम कुठल्या स्वरावर ठेवायची, हे ठरवायला हा भेद नेमका उमगावा लागतो.

शास्त्राने प्रतिभा आटते, हा आक्षेप मला मुळीच पटत नाही. डॉ. प्रभा अत्रे यांनी सरगमवर प्रबंध लिहिला, एसएनडीटी विद्यापीठाचा संगीत विभाग सांभाळला, आणि मारुबिहाग, कलावतीतल्या त्यांच्या बंदिशी आजही मैफलींत गायल्या जातात. विद्यापीठांनी एम. ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून स्वरचित बंदिशी मागाव्यात आणि त्या श्रोत्यांसमोर गाऊन घ्याव्यात.