कर्जदाराचा पोरगा वकील होतो तेव्हा



रोहतकच्या मुलखात सर छोटूराम हे नाव आजही घरोघरी आहे. आपल्या कापूस-ज्वारीच्या पट्ट्यात ते फारसे कुणाला माहीत नाही, म्हणून हा प्रपंच.

१८८१ साली गढी सांपला येथे जन्म. खरे नाव राम रिछपाल. घरातले शेंडेफळ म्हणून छोटू. बाप सुखीराम, जमीन थोडी आणि डोक्यावर कर्ज. पोराच्या शिक्षणासाठी पैसे मागायला बाप सावकाराकडे गेला, तर सावकाराने त्यालाच पंख्याची दोरी ओढायला लावली, असे तिकडे सांगतात. पोरगा शेजारीच उभा होता. पुढे सेठ छाजूराम यांनी मदत केली, दिल्लीत शिक्षण झाले, १९११ साली आग्र्याहून वकिली. लग्न लहानपणीच झालेले. मुली दोन, मुलगा नाही. मुलीचा मुलगा बीरेंद्र सिंह २०१४ नंतर केंद्रात मंत्री झाला.

रोहतकच्या कोर्टात छोटूरामांना जे दिसले ते तुम्हाला सांगायला नको. वही सावकाराची, अक्षर सावकाराचे, अंगठा तेवढा शेतकऱ्याचा. एकेक खटला लढून हे सुटणार नाही, कायदाच बदलला पाहिजे, हे या वकिलाने ओळखले. फझले हुसेन यांच्यासोबत त्यांनी १९२३ मध्ये युनियनिस्ट पक्ष काढला. हिंदू, मुसलमान, शीख शेतकरी एका बाजूला! १९३४ च्या कायद्याने मुद्दलाच्या दुपटीवर वसुली थांबली. १९३८ मध्ये नोंदणी नसलेल्या सावकाराला कोर्टाचे दार बंद झाले, आणि ८ जून १९०१ पूर्वीच्या गहाण जमिनी मूळ मालकांकडे परत गेल्या. १९३९ मध्ये बाजार समित्यांचा कायदा आला, त्यात शेतकऱ्यांना बहुमत. आपल्या वऱ्हाडात कापूस बाजाराचा कायदा १८९७ चाच, पण कारभार राहिला व्यापाऱ्यांच्या हातात. कडता कोण कापतो ते त्यावरूनच ठरते.

आम्ही त्यांची आरती ओवाळणार नाही. इंग्रजांच्या लढायांसाठी त्यांनी सैन्यभरती केली, 'सर' ही पदवी घेतली. १९०० च्या ज्या जमीन कायद्याची त्यांनी पाठराखण केली, त्यात दलित शेतमजूर शेतकरी धरला गेला नाही. त्याला जमीन विकत घेता येईना. शिवाय कर्ज कायद्याने बुडवले तरी माल तोट्यातच विकावा लागला, तर तीन हंगामांत नवी वही उघडते. आमचे म्हणणे भावाचे आहे ते यासाठीच.

पण हातात असलेला कायदा न वापरणे हा शहाणपणा नव्हे. आपल्या राज्यात २०१४ चा सावकारी कायदा आहे. बेकायदा सावकाराने कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन परत मिळण्याची तरतूद त्यात आहे. अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा. ज्यांनी उसनवारीसाठी खरेदीखत करून दिले आहे, त्यांनी जिल्हा मेळाव्याला येताना खरेदीखताची नक्कल, जुना-नवा सातबारा आणि व्याज दिल्याची असेल ती चिठ्ठी सोबत आणावी. पिशवी विसरली तरी चालेल, कागद विसरू नका.