अर्थ न बदलता?

‘अर्थ न बदलता वाक्य बदला’ – इंग्रजी व्याकरणाच्या पेपरातला हा प्रश्न आपण सर्वांनीच सोडवला आहे. ॲक्टिव्हचे पॅसिव्ह, ‘टू’ काढून ‘सो... दॅट’, ‘नो सूनर... दॅन’. इथे शाळेत हे घोटून घेत नाहीत म्हणून काही आईवडील हळहळतात, भारतातून सरावाची पुस्तके मागवतात. मला विचाराल तर मागवू नका! ‘अर्थ न बदलता’ हीच मुळात थाप आहे. ‘आय डिलीटेड द फाईल’ आणि ‘द फाईल वॉज डिलीटेड’ यांचा अर्थ एकच? दुसऱ्या वाक्यातून गुन्हेगारच पसार! १९८७ साली इराण प्रकरणाबद्दल बोलताना अध्यक्ष रेगन यांनीही हाच पॅसिव्ह वापरला : गंभीर चुका केल्या गेल्या. कोणी केल्या, ते वाक्य सांगत नाही. आमच्या धंद्यातले प्रोजेक्ट रिपोर्ट तर अशा वाक्यांनी भरलेले असतात.

आपल्या मराठीत ‘बंडूने काच फोडली’ हा कर्मणी प्रयोगच, पण बंडू जागेवर सापडतो. (सुटायचे असेल तर बंडू क्रियापदच बदलतो : ‘काच फुटली!’)

मुलांकडून सराव जरूर करून घ्या. फक्त प्रत्येक जोडीखाली विचारा : यातले कोणते वाक्य कोण बोलेल, आणि का? मार्क त्याला द्या. ‘दोन्ही सारखीच’ असे उत्तर आले तर शून्य.