सायकलवाटेची निगा आणि जमीनमालकाचा होकार

डोंगरउतारावर माउंटन बाइक, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालवण्यासाठी बनवलेली जाड टायरांची सायकल, फिरू लागली की मातीची धूप वाढणारच, असा समज सर्वत्र आढळतो. अमेरिकेत 1980 च्या दशकात अनेक वाटा सायकलींना बंद होऊ लागल्या, तेव्हा पादचाऱ्यांशी होणाऱ्या खटक्यांबरोबरच या समजाचाही आधार घेतला गेला आणि त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियातील काही सायकल मंडळांनी एकत्र येऊन 1988 मध्ये इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संघटना उभी केली. पुढे जॉन विल्सन आणि जोसेफ सीनी या संशोधकांनी माँटाना राज्यातील डोंगरवाटांवर घोडे, पादचारी, मोटारसायकली आणि सायकली यांच्या परिणामांची तुलना केली. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार टापांनी आणि पावलांनी चाकांपेक्षा अधिक माती सुटी केली होती आणि हा फरक ओल्या वाटेवर विशेष ठळक होता. मात्र एवढ्यावरून सायकलस्वारांनी स्वतःला निर्दोष ठरवणे योग्य नाही, कारण संथपणे फिरणारे चाक आणि करकचून ब्रेक लावल्यामुळे घसरत जाणारे चाक यांचा मातीवरील परिणाम सारखा नसतो. या अभ्यासाचे खरे महत्त्व निराळे आहे: टाप, पाऊल किंवा चाक माती सुटी करते, पण ती वाहून नेण्याचे काम पाणी करते, आणि म्हणून वाट आखताना सर्वप्रथम पाण्याचा विचार करावा लागतो.

जी वाट उताराच्या दिशेने सरळ खाली जाते, ती पहिल्या मोठ्या पावसातच ओहोळ बनते आणि दोन-चार वर्षांत तिची घळ होते. हे टाळण्यासाठी जाणकार वाट डोंगराच्या कुशीतून, समोच्च रेषेच्या म्हणजे सारख्या उंचीच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषेच्या जवळून, आडवी नेतात. वाटेचा चढ हा डोंगराच्या त्या ठिकाणच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये, असा त्यांचा ठोकताळा आहे. डोंगराचा उतार 16 टक्के असेल, म्हणजे 100 मीटर आडव्या अंतरात तो 16 मीटर उतरत असेल, तर वाटेचा चढ 8 टक्क्यांच्या वर नेला जात नाही, आणि संपूर्ण वाटेची सरासरी 10 टक्क्यांच्या आत ठेवली जाते. त्याशिवाय वाटेच्या पृष्ठभागाला दरीच्या बाजूकडे सुमारे 5 टक्के कल दिला जातो आणि ठरावीक अंतरावर उतरती वाट थोडीशी वर उचलून पुन्हा खाली नेली जाते, जेणेकरून वाटेवर आलेले पाणी त्या खोलगट जागी बाहेर पडते आणि त्याला वेग घेण्याइतकी लांबी मिळत नाही.

महाराष्ट्रातील ज्या गावांनी पाणलोट क्षेत्र विकासासाठी श्रमदान केले आहे, तेथील लोकांना समोच्च रेषा आखण्याचे हे काम नवे नाही. लाकडी काठ्यांची ए-फ्रेम, म्हणजे समान पातळी शोधण्याची इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट, हाती घेऊन ही रेषा त्यांनी माळरानावर फक्कीने उमटवलेली आहे. फरक उद्देशाचा आहे. समोच्च रेषेवर खोदलेला सलग समतल चर पाणी अडवून जमिनीत मुरवतो, तर सायकलवाटेने पाणी अडवायचे नसते, ते पातळ थराच्या रूपात आपल्यावरून पलीकडे जाऊ द्यायचे असते. सततच्या वापराने वाटेचा मध्य दबतो, सुटी माती बाहेरच्या कडेला साचते आणि तेथे हळूहळू चार बोटे उंचीचा वरंबा तयार होतो. वाटेवरून चालणाऱ्याच्या लक्षातही न येणारा हा वरंबा पाणी वाटेतच कोंडतो, आणि उत्तम आखलेली वाटही त्यामुळे चरासारखी वाहू लागते. तो काढण्यासाठी मॅक्लाऊड नावाचे, एका बाजूला दाताळे आणि दुसऱ्या बाजूला खोऱ्यासारखे रुंद पाते असलेले अवजार वापरतात. हे काम दरवर्षी करावे लागते आणि त्याचे उद्घाटन होत नाही, त्यामुळेच त्यासाठी निधी मिळणे सर्वांत कठीण असते.

मातीचे हे गणित जमले तरी वाट टिकेलच असे नाही, हे अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील ईस्ट बर्क या छोट्या गावाच्या उदाहरणावरून दिसते. तेथे 1994 मध्ये स्थापन झालेल्या किंगडम ट्रेल्स असोसिएशन या ना-नफा संस्थेने 160 किलोमीटरहून अधिक लांबीचे वाटांचे जाळे उभे केले, आणि त्यातील बहुतेक वाटा खाजगी जमिनींतून जातात. शंभरच्या आसपास जमीनमालकांनी त्यासाठी संमती दिली. या औदार्यामागे परंपरा आहे, कारण कुंपण नसलेल्या परक्या जमिनीवर शिकार करण्याची मुभा व्हरमाँटच्या राज्यघटनेत अठराव्या शतकापासून आहे, आणि मोबदला न घेता जमीन खुली ठेवणाऱ्या मालकाचे अपघाताच्या दायित्वापासून बऱ्याच अंशी संरक्षण करणारा कायदाही तेथे आहे. परंतु कायदा मालकाला निर्धास्त करू शकतो, राजी ठेवू शकत नाही.

डिसेंबर 2019 मध्ये डार्लिंग हिल या टेकडीवरील 3 जमीनमालकांनी आपल्या जमिनीवर सायकलींना मनाई केली आणि जाळ्यातील काही अत्यंत लोकप्रिय वाटा त्यामुळे तुटल्या. या घटनेकडे तीन व्यक्तींचा हट्ट म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. छोट्या गावात वर्षाला लाखाहून अधिक भेटी होऊ लागल्या, अरुंद रस्त्यांवर सायकलींची गर्दी झाली, पाहुण्यांच्या वर्तनाबद्दलची नाराजी साचत गेली, आणि ज्यांच्या शेतातून व कुरणातून वाट जात होती त्यांच्या पदरी उपद्रव अधिक आणि लाभ कमी असे व्यस्त प्रमाण निर्माण झाले. वाट भाड्याची नव्हती, विकत घेतलेली नव्हती, ती केवळ शब्दावर उभी होती, आणि शब्द परत घेण्याचा मालकाचा अधिकार वादातीत होता. एखाद्या गावाची अर्थव्यवस्था अशा वाटांवर उभी राहत असेल, तर जाळ्याची लांबी वाढवण्यापूर्वी गाव किती पाहुणे सोसू शकते हे ठरवणे संस्थेचे प्राथमिक कर्तव्य ठरते. ईस्ट बर्कमध्ये वहनक्षमतेचा असा अभ्यास मनाई आल्यानंतर झाला, तो आधी व्हायला हवा होता.

वाटा बंद ठेवणे हाही व्यवस्थापनाचाच भाग आहे. व्हरमाँटमध्ये बर्फ वितळून जमीन चिखलमय झाली की वसंत ऋतूत सायकलवाटा बंद असतात आणि माती वाळल्यावरच खुल्या होतात. सह्याद्रीच्या माथ्यांवर आणि शहरांलगतच्या टेकड्यांवर सायकली वाढत आहेत, पण येथे हिरव्या डोंगराचे आकर्षण नेमके जून ते सप्टेंबर या काळात, माती सर्वाधिक नाजूक असताना, शिगेला पोहोचते, त्यामुळे वाटा बंद ठेवण्याचा निर्णय अधिक अप्रिय आणि अधिक आवश्यक आहे. जमिनीची मालकीही येथे गुंतागुंतीची असते. एकच टेकडी वनखाते, गायरान आणि खातेदार शेतकरी यांच्यात विभागलेली असू शकते आणि गुराख्याची जुनी पायवाट त्या तिघांच्याही हद्दीतून जाते. अशा ठिकाणी सायकल मंडळाने कुदळ उचलण्यापूर्वी वनखात्याची परवानगी, ग्रामसभेचा ठराव आणि प्रत्येक खातेदाराची लेखी संमती घ्यावी, त्या संमतीचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, आणि सायकलस्वारांकडून शुल्क घेतले जात असेल तर त्यातून वरंबा काढणाऱ्या स्थानिक मजुरांची मजुरी सर्वांत आधी दिली जावी.