पेपरात लिहा, पण मानू नका

उत्क्रांतीचा धडा आला की आपल्या उर्दू शाळांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बच्चो, पेपर में लिख देना, मगर मानना मत." दहावीच्या विज्ञान व तंत्रज्ञान भाग २ मधला हा पहिलाच धडा, 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. त्यातली आनुवंशिकता नीट शिकवली जाते. उत्क्रांतीपाशी आलं की सरांचा आवाज बदलतो, पानं भराभर उलटतात आणि हे वाक्य येतं.

मी विज्ञानाचा शिक्षक नाही, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण काही वर्षांपूर्वी बदली तासाला दहावीवर गेलो होतो तेव्हा हेच वाक्य मीही बोललो. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मंग पेपर में झूट लिखना क्या?" मी तिला खाली बसवलं आणि विषय बदलला.

तिचा प्रश्न बरोबर होता. ज्याच्या मनात एक आणि जिभेवर दुसरं, त्याला आपल्या दीनमध्ये काय म्हणतात हे मक्तबात अलिफ-बे शिकणारं पोरही सांगेल. डार्विनपासून मुलांचं ईमान वाचवायला निघालेले आपण, चार मार्कांसाठी त्यांना मुनाफिकी शिकवतो. आणि शिकवतो तेही वर्गात, फळ्यापुढे उभं राहून.

आता या भीतीमागचा युक्तिवाद पाहू. "माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला?" हे मी जुम्याच्या तकरीरीत ऐकलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीही नेमकं हेच म्हटलं होतं. आपल्या पूर्वजांपैकी कुणी असं पाहिल्याचं सांगितलेलं नाही, म्हणून डार्विन चूक, शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमातून तो काढा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र निवेदन काढून सांगावं लागलं की या विधानाला शास्त्रीय आधार नाही. मंत्रिमहोदय पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नसेल तर खून झालाच नाही, असं त्यांच्या हाताखालच्या एखाद्या फौजदाराने म्हटलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, पावलांच्या खुणा, यांवर जगभर गुन्हे शाबीत होतात.

लांब कशाला जायचं, आपलं लोणार घ्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्या शाळेची सहल तिथे गेली नाही? सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर उल्कापाताने झालं, असं आपण मुलांना बेधडक सांगतो. उल्का पडताना कुणी पाहिली होती? गावात लवणासुराची कथा आहे. इंग्रजांच्या काळात पुष्कळ भूवैज्ञानिक त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत. १९७० च्या दशकात तिथे खोदून खडकांचे नमुने काढले, त्यात प्रचंड आघातानेच तयार होणारी मास्केलिनाइट नावाची काच सापडली, आणि उल्केची बाजू पक्की झाली. वयाचंही तसंच. आधी सुमारे ५० हजार वर्षं सांगत. पुढे आर्गॉन पद्धतीने मोजलं तेव्हा आकडा साडेपाच लाखांच्या वर गेला. ज्या काळ्या पाषाणात ते विवर आहे तो तर साडेसहा कोटी वर्षांचा. हे सगळं आपण विवराच्या काठावर उभं राहून सांगतो, आणि सांगताना कुणाचं ईमान गेल्याचं मला आठवत नाही. "विज्ञान रोज बदलतं, त्यावर काय भरवसा?" असं तिथे कुणी म्हणत नाही. आकडा बदलला तो जास्त चांगलं मोजल्यामुळे, हे लोणारला कळतं. मग शाळेत परत आल्यावर जीवाश्म, अवशेषांगं, पेरिपॅटस आणि लंगफिशसारखे जोडणारे दुवे, हे पुरावे पुस्तकात समोर असताना "कुणी पाहिलं?" हा प्रश्न कुठून उगवतो? आणि पुस्तकात माकडाचा माणूस झाला असंही नाही. दोघांचे पूर्वज एक होते, असं आहे. तेवढं तरी वाचून बोलावं.

भाषेचा शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगतो. मराठीत थिअरीला आपण 'सिद्धांत' म्हणतो, म्हणजे सिद्ध झालेली गोष्ट. उर्दूत तिला 'नज़रिया' म्हणतात, आणि रोजच्या बोलण्यात नज़रिया म्हणजे ज्याचं त्याचं मत. तुमचा नज़रिया वेगळा, माझा वेगळा. त्यामुळे 'नज़रिया-ए-इर्तिका' वाचणाऱ्या उर्दू शाळेतल्या मुलाला वाटतं, हे डार्विन नावाच्या एका इंग्रजाचं मत आहे, पटलं तर घ्या. तोच मुलगा 'नज़रिया-ए-इज़ाफियत' वाचतो तेव्हा मात्र आइन्स्टाइनशी भांडत नाही. शब्दाची ही गफलत दूर करायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणी देत नाही.

आता त्या पुस्तकांबद्दल. हारून याह्याची उर्दू भाषांतरं आणि सीडी आपल्याकडे किती फिरल्या! घरात जागा नसेल तिथेही त्यांना जागा मिळाली. हा हारून याह्या म्हणजे तुर्कस्तानचा अदनान ओक्तार. त्याचे मुद्दे कुरआनातून निघालेले आहेत अशी आपली समजूत. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या कट्टर प्रोटेस्टंट सृष्टिवाद्यांचे आहेत, ज्यांना बायबलचा शब्दन् शब्द धरून पृथ्वी काही हजार वर्षांची ठरवायची होती. तेवढा वयाचा भाग गाळून बाकी माल उचलला. त्याच्या 'अॅटलस ऑफ क्रिएशन'मध्ये हा कीटक बघा, कोट्यवधी वर्षांत बदलला नाही, म्हणून जो फोटो छापला तो मासे पकडायच्या नकली किड्याचा निघाला. फोटोत गळ दिसतो! २०२१ मध्ये इस्तंबूलच्या न्यायालयाने लैंगिक अत्याचारासह अनेक गुन्ह्यांसाठी त्याला हजाराहून जास्त वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे फेरसुनावणीत ती आणखी वाढली. माणूस गुन्हेगार निघाला म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही, हे मान्य. पुस्तक त्या गळामुळे खोटं ठरतं.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेली. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' झालं. १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. त्याच काटछाटीत बारावीच्या इतिहासातून मुघल दरबाराचा धडा गेला. मुघलांसाठी आपण आठ दिवस मोबाइल तापवले. डार्विन गेला त्याबद्दल आमच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी 'अल्हम्दुलिल्लाह' लिहिलं. कात्री एकच होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सत्यपाल सिंहांचं भाषण आणि आपली तकरीर एकाच वाक्यावर येऊन थांबतात याची आपल्याला थोडी तरी लाज वाटायला हवी.

खरी अडचण हजरत आदम (अ.) यांच्याविषयी आहे, ती मी झाकत नाही. काही मुस्लिम विद्वान प्राणी-वनस्पतींची उत्क्रांती मानतात आणि आदमची निर्मिती हा अल्लाहचा खास मामला समजतात. काही जण सगळंच मानतात, काही सगळंच नाकारतात. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने मुकद्दिम्यात खनिज, वनस्पती, प्राणी आणि त्यापुढे माकड आणि माणूस अशी चढती साखळी मांडली, तेव्हा त्याच्या ईमानवर शंका घ्यायला आपण नव्हतो, हे त्याचं नशीब. (त्यालाच डार्विनचा गुरू ठरवणारे मेसेजही फिरतात. तेही खोटं आहे, डार्विनची नैसर्गिक निवड त्याच्याकडे नाही.) सूरह अनकबूतची २० वी आयत जमिनीवर फिरा आणि निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहा, अशा अर्थाची आहे. फिरायला सांगितलं, पाहायला सांगितलं. मी स्वतः पुरावे पाहून उत्क्रांती मानतो आणि पाच वक्ताची नमाज पढतो. ज्याला आदमच्या बाबतीत थांबायचं आहे त्याने थांबावं, पण तसं उघड सांगावं, आणि आधी धडा पूर्ण शिकवावा. कारण नीटच्या जीवशास्त्रात आनुवंशिकता आणि उत्क्रांती हा एकच घटक आहे, आणि आपल्याच मुली डॉक्टर व्हायचं म्हणून तिथे बसतात. अर्धा घटक त्यांनी कुठे शिकायचा? ट्यूशनची फी भरणाऱ्यांच्या मुली शिकतील. बाकीच्यांचं काय?

त्या मुलीला तेव्हा एवढंच सांगायला हवं होतं: "नहीं बेटा, झूट नहीं लिखना. शास्त्रज्ञांना काय सापडलं आणि त्यावरून ते काय म्हणतात, ते लिही. ते खरंच तसं म्हणतात. तुला पटतं का, ते आपण तासानंतर बोलू." बाकीचा तास मग पेरिपॅटसवर गेला असता.