एकोणीस उत्तर, शहात्तर पूर्व

बीड जिल्ह्यात फिरायला कुठं जायचं, असं कुणी विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. परळीचा वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, कपिलधार, सौताडा. देव नाहीतर धबधबा. माझं माहेर तेलगाव. तिथून बीड, परळी, माजलगाव, धारूर असे चारी दिशांना रस्ते फुटतात आणि फाट्यावर उभं असलेलं प्रत्येक माणूस दुसरीकडं कुठंतरी निघालेलं असतं. रस्त्यांच्या मधलं शिवार मात्र ज्याचं शेत तिथं आहे त्याच्यासाठीच. बाकीच्यांनी तिथं जायचं तरी कशाला?

यंदा संक्रांतीला आम्ही गेलो, आणि कारण होतं दोन आकडे. 19 आणि 76.

नकाशावरचा 19 अंश उत्तर अक्षांश आणि 76 अंश पूर्व रेखांश एकमेकांना छेदतात ते आपल्या बीड जिल्ह्यात. तेलगावाहून बीडकडं निघालं की वडवणी मागं टाकून थोडं पुढं. अशा पूर्ण अंशांच्या छेदबिंदूंवर प्रत्यक्ष जाऊन उभं राहायचं, चारी दिशांचे फोटो काढायचे आणि तिथं काय दिसलं ते लिहून ठेवायचं, असा उपक्रम ॲलेक्स जॅरेट नावाच्या अमेरिकी माणसानं 1996 मध्ये सुरू केला. बिंदूपासून शंभर मीटरच्या आत पोचलं म्हणजे झालं. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही.

मुलांना हे वेड लावलं त्यांच्या मामानं. पुण्यात माझी मुलगी शाळेतून जिओकॅशिंगचं नाव ऐकून आली होती. कुणीतरी डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि बाकीच्यांनी मोबाइल घेऊन तो शोधायचा. डब्यात एक वही असते, सापडला की आपलं नाव लिहायचं. एखादी वस्तू घेतली तर आपली एक ठेवायची. आज जगभर असे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत. आपल्या भागात ते कुठून असणार? तेव्हा भावानं शेतात स्वतःच एक स्टीलचा डबा लपवला, बांधावरच्या बाभळीच्या बुंध्याशी, दगडाआड. खेळाच्या नियमांत खाण्याचे पदार्थ ठेवायला मनाई आहे. मुंग्या लागतात, जनावरं येतात. आईला ते पटलं नाही. लेकरं एवढं शोधत येणार आणि रिकाम्या हातानं जाणार का, म्हणून तिनं तिळाच्या वड्या घातल्याच. डबा तासाभरात सापडला. मग मोठ्या शिकारीची भूक लागली आणि मामानं 19-76 काढलं.

या खेळाचा जन्म कसा झाला ते मुलांना सांगावंसं वाटलं, ते असं. जीपीएसचे उपग्रह अमेरिकी लष्कराचे. सामान्य माणसाला मिळणाऱ्या सिग्नलमध्ये ते मुद्दाम चूक मिसळत, त्यामुळं शंभर-शंभर मीटरचा फरक पडे. 2000 सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ती मिसळ बंद झाली. लगेच 3 मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थानं ओरेगॉन राज्यात रस्त्याकडेला एक काळी बादली ठेवली, आत वही-पेन्सिल आणि थोड्या वस्तू, आणि तिचे आकडे जाहीर केले. लोक लगोलग शोधत पोचले. ही अचूकता किती मोठी गोष्ट आहे ते मला नंतर एका शेतकऱ्याकडून कळायचं होतं.

सकाळी सगळे निघालो. भाऊ, वहिनी, माझी दोन, भावाची दोन आणि आई. कारखान्याचा हंगाम भरात होता. सुंदरराव सोळंके कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या टायरगाड्या, मळीचा तो ओळखीचा वास. डांबरी रस्ता सोडल्यावर एका वस्तीवरून गेलो. निम्म्या दारांना कुलपं. दसरा झाला की उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, गाड्यांत बसून सांगली-कोल्हापूरकडं जातात, ते उन्हाळ्यातच परततात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि काही लेकरं. अशाच एका आजीजवळ राहिलेला, पाचवीतला एक मुलगा आमची गाडी थांबलेली पाहून जवळ आला आणि मुलांच्या घोळक्यात मिसळला.

इथून पुढं पायी. दशांश चिन्हापुढं पाच आकडे दिसतील असं ॲप लावलेलं. चौथा आकडा एकानं बदलला की साधारण अकरा मीटर, पाचवा बदलला की मीटरभर, हे एकदा कळल्यावर मुलांना दशांश अपूर्णांक शिकवायची गरज उरली नाही. 18.99871. अजून उत्तरेला. 76.00094. पश्चिमेला सरका. पाय ढेकळांत, डोळे पडद्यावर, मध्येच तुरीचे खुंट टोचतात.

एका शेताच्या बांधाशी आम्ही थांबलो, कारण बिंदू आत होता आणि आत हरभरा उभा होता. विहिरीकडून मालक आले. डोक्याला पटका, हातात खुरपं. मोबाइल वर धरलेली माणसं पाहून त्यांचा चेहरा उतरलेला.

“मोजणीवाले हाव का?”

“न्हाई बप्पा, तेलगावचे हाव आम्ही,” भाऊ म्हणाला. “लेकरायला एक जागा दाखवायचीय.”

“रस्त्याचं तर न्हाई ना काही?”

शेतात यंत्र घेऊन येणारा अनोळखी माणूस म्हणजे मोजणी, भूसंपादन, नाहीतर भाऊबंदकीचा दावा. ही भीती उगाच नाही. म्हणून हा छंद आपल्याकडं रुजायचा असेल तर पहिला नियम एकच असावा असं माझं ठाम मत आहे: आधी मालकाला विचारायचं, मग पाऊल टाकायचं. भावानं सगळं समजावून सांगितलं. अक्षांश-रेखांश हे शब्द ऐकताच बप्पांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

“ते पीकपाहणीच्या मोबाइलात येतंय तेच ना?”

तेच. राज्यात 2021 च्या 15 ऑगस्टपासून ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून शेतकरी स्वतः पिकाचा फोटो काढतो आणि त्याबरोबर जागेचे आकडे नोंदले जातात. बप्पांनी एकदा झाडाच्या सावलीत, बांधाच्या अलीकडून फोटो काढायला पाहिला तर मोबाइल तो घेईना. सरळ आपल्या गटात उभं राहिल्यावर घेतला. क्लिंटनच्या आधीचं जीपीएस असतं तर बप्पांचा हरभरा शेजाऱ्याच्या गटात नोंदला गेला असता.

“मंग हे काय, सगळ्या जगात एकच हाय का असं ठिकाण?”

एकोणीस उत्तर, शहात्तर पूर्व? एकच.

“म्हंजी जगाचा गट नंबर म्हना की.”

मी इतकं नेमकं कधीच सांगू शकले नसते. त्यांनी स्वतः सरीतून वाट दाखवली, घाटे न तुडवता. आकडे नाचतात, स्थिर राहत नाहीत. चार मोबाइल चार जागा दाखवतात. पण वस्तीवरच्या त्या मुलाच्या हातातल्या मोबाइलवर क्षणभर सगळी शून्यं आली आणि तो जो ओरडला! फोटो काढले. उत्तरेला तुरीचं रिकामं रान, दक्षिणेला बालाघाटची निळसर रांग, पूर्वेला शाळूचं पीक, पश्चिमेला विहीर आणि मोटारीची पेटी. आमच्या वहीत पहिलं नाव त्याचंच लागलं, खाली गावाचं नाव त्यानं ठळक अक्षरात लिहिलं. आईबाप कारखान्यावर गेलेल्या मुलासाठी गाव म्हणजे मागं राहण्याची जागा. त्या दिवशी पुण्याची मुलं त्याच्या गावी मुद्दाम आली होती आणि वाट त्याला माहीत होती. मला या सगळ्या खटाटोपात एवढंच हवं होतं.

बप्पांच्या घरून हुरडा आला, चटणी, गूळ. आकटीभोवती बसून मुलांचे प्रश्न. शहात्तर कुठून मोजायचे? ग्रिनिचपासून, 1884 च्या वॉशिंग्टन परिषदेत तसं ठरलं. आणि त्याआधी? आपले ज्योतिषी उज्जयिनीवरून जाणारी रेषा धरत. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या सिद्धांतशिरोमणीत ती आहे. नकाशा उघडून पाहिलं, तर उज्जैन आणि बीड शहर जवळजवळ एकाच रेखांशावर. म्हणजे भास्कराचार्यांच्या हिशेबानं बीड शून्यावर. आणि 19 ची रेषा पश्चिमेला सरळ नेली तर मुंबईत परळमध्ये निघते.

मग मुलांनी 76 च्या रेषेवर बोट फिरवलं. वर 20 अंशांवर देऊळगाव राजाचा परिसर, 21 वर मुक्ताईनगरचा. खाली 18 वर तुळजापूर, मंदिरापासून जरा पश्चिमेला. तुळजापूर म्हटल्यावर आई सावरून बसली. आईसाहेबांच्या दर्शनाला आम्ही चैत्रात जातोच. या वेळी दोन तास लवकर निघायचं, आधी दर्शन आणि मग रान, असं तिनं ठरवूनही टाकलं. बप्पा तोवर तिला विचारत होते, गाडीत एका माणसाला जागा होईल का.