माशी मारायला मुसळ



बैलाच्या पाठीवर गोमाशी बसली म्हणून कुणी मुसळ घालत नाही. शेपटीचा एक फटकारा पुरतो. पण वीतभर बांधासाठी कुऱ्हाड उचलणारा कुठल्या ना कुठल्या गावात निघतोच. काम केवढे आणि जोर केवढा, हा हिशेब रागात सुटतो.

तो सुटला म्हणजे काय होते, हे आपल्या मुलखाने १९४२ साली पाहिले. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. तासगाव काय, खटाव काय, सारे एकाच सातारा जिल्ह्यात. 'चले जाव'ची हाक आली आणि गावोगावचे शेतकरी मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला निघाले. ३ सप्टेंबरला तासगावात मोर्चा गेला. तिथल्या मामलेदाराने बंदूक पुढे केली नाही. कचेरीवर झेंडा लागला, त्याने गांधी टोपीही घातली. माणसे घोषणा देत घरी परतली. कचेरीही जागेवर राहिली.

सहाच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या कचेरीवर असाच मोर्चा आला. पुढे झेंडा घेऊन परशुराम घार्गे होते. इथे मात्र गोळ्या सुटल्या. परशुरामांसह नऊ जण हुतात्मे झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरातही गोळीबार झाला.

बंदुकीने काय साधले? उघडे मोर्चे थांबले, पण माणसे घरी बसली नाहीत. ती भूमिगत झाली. पुढच्याच वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले आणि ते १९४६ पर्यंत सरकारला पुरून उरले. दिवसाउजेडी झेंडा घेऊन येणारा माणूस सरकारनेच रात्रीच्या वाटेला लावला.

मंडळी, सरकारचे जे झाले तेच घराचेही होते. कायदा आपल्याला जिवाचे आणि मालाचे रक्षण करू देतो, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करू देत नाही. १८६० च्या दंडसंहितेत हे कलम ९९ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३७ मध्ये आहे. अंगावर आलेल्याला अडवणे हा बचाव. रिकाम्या हाताने पळणाऱ्या चोराच्या पाठीत घाव घालणे हा गुन्हा.

बांध कोरला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. वेळ लागेल, फी लागेल. पण कुऱ्हाड चालली की एक घर स्मशानात जाते, दुसरे कोर्टात. वकिलाच्या फीपायी तोच बांध विकावा लागतो आणि दोन्ही घरची पोरे वैर घेऊन वाढतात.

तेव्हा माउल्यांनो, घरधनी तणतणत खुंटीवरची कुऱ्हाड काढू लागला, तर आधी तांब्याभर पाणी पुढे करा. एवढेच विचारा, "काम केवढं आहे?"