मोठे टायर, पण लिफ्ट नको!

वीकेंडला पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघा. हॅचबॅक आणि सेदानच्या रांगेत एखादी तरी गाडी अशी उभी असते, जी बाकीच्यांकडे वरून खाली बघत असते. थार, जिम्नी, नाहीतर इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप. आणि तिच्यात सगळ्यात आधी डोळ्यांत काय भरतं? टायर! जाडजूड, खाचाखाचांचे, चिखलासाठी जन्माला आलेले आणि बहुतेक वेळा मॉलच्या बेसमेंटमध्ये विसावलेले.

हसू नका, हे वेड मला मनापासून समजतं. गाडी घेतली की ती ‘आपली’ करायची हौस असतेच. पण सीट कव्हर बदललं तर बिघडत काहीच नाही. टायर बदलला की मात्र गाडीचं स्टिअरिंग, ब्रेक, गिअर, स्पीडोमीटर, सगळ्यांच्या घरात आपण शिरतो. हे प्रकरण मी जवळून बघितलं ते माझ्या मावसभावामुळे.

हा आमचा पठ्ठ्या हिंजवडीत आयटीत. 2016 साली व्ही-क्रॉस भारतात आली, तेव्हाच्या पहिल्या मॉडेलपैकी एक त्याने सेकंडहॅन्ड घेतली. शायनिंगसाठी नाही हां. राजापूर तालुक्यात काकांची हापूसची बाग आहे. डांबरी रस्ता संपल्यावर बागेपर्यंत दीडेक किलोमीटर जांभ्याची वाट, आणि पावसाळ्यानंतर तिच्या मधोमध दगड वर आलेले. सीझनमध्ये मागे आंब्याच्या पेट्या, पुढे मावशी आणि काका, आणि अणुस्कुरा घाट. अशी ही कष्टाळू गाडी.

तर एका रविवारी त्याचा फोन. “ताई, गाडी खाली घासते गं. टायर मोठे टाकायचेत, पण लिफ्ट नाही करायची.”

लिफ्ट म्हणजे सस्पेन्शनमध्ये उंच स्प्रिंग किंवा स्पेसर टाकून गाडीची बॉडी वर उचलणं. मोठ्या टायरला जागा करायचा हा हमखास मार्ग. मग नको का? कारण मावशीचे गुडघे! आत्ताच ती दरवाजावरचं हँडल धरून, प्लास्टिकच्या स्टुलावर पाय ठेवून चढते. गाडी आणखी दोन इंच वर गेली तर मावशी घरीच राहणार. शिवाय बॉडी वर गेली की गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो, आणि घाटातल्या वळणांवर गाडी जास्त कलते.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. लिफ्टने त्याचा प्रश्न सुटलाच नसता! या गाडीला मागे पाटे आणि अखंड अ‍ॅक्सल आहे. लिफ्टमुळे बॉडी वर जाते, पण अ‍ॅक्सल चाकांबरोबर जिथल्या तिथेच राहतो. त्याच्या मध्यावरचा डिफरेन्शिअलचा गोळा, जो त्या दगडांवर घासत होता, तो एक मिलिमीटरही वर जात नाही. त्याला वर नेतो फक्त मोठा टायर. म्हणजे पोराचा फंडा बरोबर होता. प्रश्न एवढाच, की मोठा म्हणजे किती?

पाचवीतलं गणित

त्याच्या गाडीच्या टायरवर लिहिलं होतं 245/70 R16. म्हणजे टायरची रुंदी 245 मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या 70 टक्के, आणि रिम 16 इंची. टायरची बाजू वर एकदा आणि खाली एकदा येते, म्हणून दोनदा धरायची. त्यात रिमचे 406 मिलिमीटर मिळवा. उत्तर आलं साधारण 749. ही त्या चाकाची पूर्ण उंची.

आता पुढचे पर्याय. 265/70 R16 घेतला तर चाक होतं 777 मिलिमीटरचं, म्हणजे 3.7 टक्के मोठं. 265/75 R16 घेतला तर 804, म्हणजे 7.3 टक्के. आणि ज्याच्यावर पठ्ठ्याचा जीव जडला होता तो 285/75 R16, शौकिनांच्या भाषेत ‘33 चा’, कारण त्याची उंची जवळजवळ 33 इंच भरते. तो 834 मिलिमीटरचा. मूळ टायरपेक्षा 11 टक्क्यांहून मोठा!

पण गाडी वर जाते ती या वाढीच्या निम्मीच. चाक 28 मिलिमीटरने वाढलं तर अ‍ॅक्सल 14 ने वर जातो, कारण उरलेली वाढ अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूला होते. 14 मिलिमीटर म्हणजे दोन पेन्सिली शेजारी शेजारी ठेवल्यावर होते तेवढी जाडी. “एवढंच?” पोराचा चेहरा पडला. हो राजा, एवढंच. आणि 33 च्या टायरनेसुद्धा मिळणार 42 मिलिमीटर, दीड इंचापेक्षा थोडं जास्त.

ती जागा रिकामी नाही

चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट बघून प्रत्येकाला वाटतं, ‘अरे, केवढी जागा वाया गेलीय!’ मंडळी, ती जागा वाया गेलेली नाही, ती राखीव आहे. गाडी खड्ड्यात आदळली की चाक त्या जागेत वर जातं. स्टिअरिंग वळवलं की टायरचा पुढचा आणि मागचा कोपरा त्याच जागेत फिरतो. आणि पेट्या भरल्या की मागचे पाटे दबून ती फट आणखी कमी होते. सोसायटीत उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत टायर बसला म्हणजे तो ‘फिट’ झाला असं अजिबात नाही.

लिफ्ट न करता मोठा टायर टाकला, तर तो साधारणपणे कुठे घासतो? पुढच्या चाकामागच्या प्लास्टिक लायनरला, मड फ्लॅपला, मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या जोडाला, बंपरच्या आतल्या कडेला, आणि आतल्या बाजूने सस्पेन्शनच्या आर्मला. प्लास्टिकला हलकं घासणं वेगळं आणि आर्मला किंवा पत्र्याला घासणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात टायर कापला जाऊ शकतो, आणि तोही नेमका वळणावर!

एका दुकानदाराने यावर सोपा तोडगा सुचवला. “साहेब, 33 टाका, स्पेसर लावून चाक बाहेर काढू, आत घासायचं नाही.” आत घासणार नाही, हे खरं. पण चाक बाहेर आलं की वळताना ते मोठ्या वर्तुळात फिरतं, आणि बंपर आणि मडगार्डच्या कडेला जास्त लागतं. शिवाय चाकाच्या बेअरिंगवर ताण वाढतो आणि स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच. आम्ही चहा पिऊन निघालो.

खडूची टेस्ट

ओळखीच्या एकाकडे याच मॉडेलला 265/70 R16 टायर होते. त्याची पुढची दोन चाकं एका रविवारपुरती उसनी घेतली. टायरच्या कडांवर शाळेतला पांढरा खडू फासला. स्टिअरिंग आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. त्यानंतर एक पुढचं चाक मजबूत रॅम्पवर चढवलं, म्हणजे त्या बाजूचं सस्पेन्शन दाबलं जातं, आणि पुन्हा तेच. शेवटी मागे चार मित्र बसवून मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने, खड्ड्यांतून एक फेरी. जिथे टायर लागतो तिथे खडू उमटतो. शंभर जणांच्या शंभर मतांपेक्षा ही टेस्ट सही!

खडू उमटला फक्त लायनरच्या मागच्या कोपऱ्यात आणि मड फ्लॅपवर. मड फ्लॅप थोडा मागे सरकवून आणि लायनर हीट गनने मऊ करून, मागे दाबून बसवून काम भागलं. पत्रा कापायची वेळच आली नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत कापलेला पत्रा किती दिवस टिकेल, हे वेगळं सांगायला नको. तुमची गाडी वेगळी तर तुमचा खडूही वेगळ्या जागी उमटेल, हे मात्र लक्षात ठेवा.

काकांचा प्रश्न

घरी व्हिडिओ कॉलवर सगळी चर्चा झाली. 33 चे फोटो बघून चुलत भावंडांनी ‘झक्कास’ म्हणून झालं. काकांनी शांतपणे एकच विचारलं, “पेट्या भरल्यावर घाटात नीट थांबेल ना?”

बॉस, सगळ्या चर्चेचा निकाल या एका प्रश्नात होता. ब्रेक तेच राहतात, पण चाक मोठं झालं की त्याच ब्रेकला जास्त काम पडतं. 11 टक्के मोठं चाक थांबवायला तेवढाच जास्त जोर लागतो, आणि जाड टायरचं वजन त्यावर बोनस. गिअरचंही तेच. मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर थोडा ‘उंच’ झाल्यासारखा. चढावर एक गिअर खाली यावं लागतं, आणि उतरताना इंजिनाची पकडही तेवढी कमी होते. पार्किंगमध्ये यातलं काहीच कळत नाही. उतारावर, मागे माल असताना, पुढे एसटी अचानक थांबली की कळतं.

स्पीडोमीटरही नवा टायर ओळखत नाही. 33 च्या टायरवर काटा 80 दाखवतो, तेव्हा चाकाचा हिशोब 89 चा असतो. 265/70 वर तो 83 चा. बहुतेक स्पीडोमीटर मुळातच थोडा जास्त आकडा दाखवतात, म्हणून लहान फरक पोटात जातो, मोठा जात नाही. आणि एक्सप्रेसवेवरचा कॅमेरा तुमचा काटा बघत नाही. ओडोमीटरही कमी मोजतो. 265/70 वर गाडी 10,000 किलोमीटर चालली की त्यात साधारण 9,640 दिसतात. ‘मायलेज पडलं’ म्हणून रडणाऱ्यांनी आधी हा हिशोब करावा, आणि सर्व्हिसिंगची तारीखही जरा अलीकडे घ्यावी. म्हणूनच मूळ मापापेक्षा 3 टक्क्यांच्या आसपास राहा, असा ढोबळ नियम सांगतात.

मग ठरलं. 265/70 R16, रिम तेच. या टायरला साधारणपणे किमान 7 इंच रुंदीचा रिम लागतो, ते आधी तपासलं. खाचा ऑल-टेरेन, कारण जांभ्याच्या वाटेवर पकड देतात त्या खाचा, नुसता आकार नाही. लोड इंडेक्स मूळ टायरएवढा किंवा वरचाच. टायरवर 111 लिहिलं असेल तर तो एक टायर 1,090 किलो पेलतो. माल वाहणाऱ्या गाडीला हा आकडा दिसण्यापेक्षा महत्त्वाचा. आणि टायर चार नाही, पाच! व्ही-क्रॉस फोर-बाय-फोर आहे. एक चाक लहान आणि बाकीची मोठी ठेवून फोर व्हील ड्राइव्ह लावला, तर सगळ्या गिअर यंत्रणेची वाट लागते. त्यामुळे स्टेपनीही त्याच मापाची, आणि ती गाडीखालच्या जागेत बसते की नाही तेही आधी बघायचं. शेवटी अलाइनमेंट. पाच टायरच्या बिलाने पोराचा एक पगार चाटला, पण 33 चं खूळ त्याने स्वतःच्या हाताने डिलीट केलं.

कायद्याचं काय?

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वाचा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, कंपनीने मुळात दिलेल्या आणि रजिस्ट्रेशनमध्ये नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. त्यामुळे कंपनी तुमच्या मॉडेलला कुठली मापं देते ते आधी बघा, आणि त्याबाहेर जायचं असेल तर आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही टायर घेण्याआधी विचारा. अपघातानंतर हा प्रश्न ते तुम्हाला विचारतील, आणि तेव्हा तो फार महाग पडतो.

तेव्हा दोस्तहो, लिफ्ट न करता मोठे टायर बसतात का? बसतात. एक माप वर, खडूची टेस्ट पास करून, माल भरून तपासलेले आणि पाचच्या पाच. त्यापुढची हौस असेल तर काकांचा प्रश्न आधी स्वतःला विचारा. आणि नुसत्या पार्किंगमधल्या नजराच वळवायच्या असतील, तर आहेत ते टायर स्वच्छ धुऊन काळे कुळकुळीत ठेवा. तेवढ्यानेही वळतात!